चिठ्ठी पर्समध्ये, बाटली कपाटात

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असा तपशील बदलला आहे)

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या, पन्नाशीच्या एका शिक्षिकेचं हे पत्र. पाळी थांबून चौदा महिने झाले. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते. यंदाच्या थंडीत घरातले सगळे रजईत आणि यांचा पंखा पाचवर. वर्गात बोलता बोलता शब्द सापडत नाही, घरी चिडचिड होते. स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं जेल आणि रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली आणि आधी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करून या म्हणाल्या. दोन महिने चिठ्ठी पर्समध्येच आहे. नणंदेला सेहेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. आता त्या बऱ्या आहेत, पण ‘वहिनी, विषाची परीक्षा नको’ असं त्यांनी बजावलंय. दरम्यान न्यू जर्सीच्या भाचीने डीएचईएच्या कॅप्सूल, ‘वाइल्ड याम’चं क्रीम आणि मेलाटोनिन पाठवलंय. ‘हे नॅचरल आहे मावशी, इथे चिठ्ठीशिवाय मिळतं.’

त्या विचारतात : ‘आजवर मी कधी हार्मोनच्या वाटेला गेले नाही. आमच्या घरात कॅन्सर आहे. मग भाचीचं नॅचरल घ्यावं, की आई-सासूबाईंसारखं मुकाट सोसावं?

ता. क. – मुलगा चोवीस वर्षांचा आहे, जिमला जातो. ट्रेनर सर त्याला काही गोळ्या आणि आठवड्याला एक इंजेक्शन देतात. पण ते सप्लिमेंट आहे, हार्मोन नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. त्याच्यासाठी स्थळं बघतोय.’

---

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र तीन पानी आणि ताजा कलम चार ओळींचा. त्या चार ओळींपाशी मी सगळ्यात जास्त थांबले. तिकडे शेवटी येते, कारण त्याला जागा लागेल. पण हे उत्तर एका दमात वाचायला सवड नसेल, तर मुलाचा भाग आधी वाचा. तुमची चिठ्ठी दोन महिने थांबलीच आहे, अजून आठवडाभर थांबली तर फारसं बिघडणार नाही.

मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकले आणि नोकरीतली बरीच वर्षं पंचवटीत मेडिकलच्या काउंटरमागे काढली. त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ हे माझ्याकडून येणार नाही. त्यासाठी तुमचं बीपी, तुमचे रिपोर्ट आणि तुम्हाला समोर बसवून तपासणारं माणूस लागतं. पण तुम्ही ज्या कारणांनी अडून बसलात, त्यातली काही मला पटली नाहीत. ती मात्र बोलते.

पहिलं कारण, ‘आजवर कधी हार्मोनच्या वाटेला गेले नाही.’ त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिता, ‘थायरॉईडची गोळी सोडली तर मला कसलंही औषध नाही.’ अहो, ती थायरॉईडची गोळी हार्मोनच आहे. थायरॉक्सिन. गळ्यातली ग्रंथी जेवढं कमी बनवते, तेवढं बाहेरून भरून काढायचं, रोज उपाशीपोटी, मायक्रोग्रॅममध्ये मोजून. आणि ती तुम्हाला इतकी वर्षं मानवली याचं कारण नशीब नव्हे. कमतरता आहे हे आधी तपासून कळलं होतं, डोस मोजून ठरला आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघून अधूनमधून बदलला. हीच गोळी वजन उतरवायला म्हणून, थायरॉईड ठणठणीत असताना, मैत्रिणीच्या डबीतून घेणाऱ्या बायकाही मी पाहिल्यात. त्यांना धडधड, झोप उडणं आणि पुढेमागे ठिसूळ हाडं, एवढंच हाती लागतं. औषध तेच, गोळी तीच.

दुसरं तुम्ही ओघात लिहून गेलात. पाळी चालू असताना महालक्ष्म्या, नवरात्र, वणीला जाणं, त्र्यंबकची पूजा, असं काही निघालं की ‘पुढे ढकलायची गोळी’ घ्यायचात. तीही हार्मोनच. नॉरएथिस्टेरॉन, बहुतेक वेळा पाच मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. या डोसला तिचा थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायॉल नावाच्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये असतं तेच हे. धडधाकट बाईने कधीतरी चार दिवस घेतली तर सहसा काही होत नाही. पण जिला आधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालीय, जिची अर्धशिशी डोळ्यांपुढे चमकून सुरू होते, तिने ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात काउंटरवर हे दृश्य ठरलेलं. बाई येते, आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना बघते आणि आवाज खाली आणून म्हणते, ‘ती पुढे ढकलायची द्या ना, एक पाकीट.’ चिठ्ठी मागितली की शेजारच्या दुकानात जाते. थांबलीच तर मी विचारायचे, कधी गुठळी झाली होती का, डोकं कसं दुखतं, सिगारेट-तंबाखूची सवय आहे का. उत्तर बहुधा हसून यायचं, ‘अहो ताई, एवढं काय, हार्मोन थोडंच आहे!’ २०२७ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या सुमारास या पाकिटांना किती मागणी येईल, याचा नाशिकच्या मेडिकलवाल्यांनी आणि डॉक्टरांनी आत्ताच विचार करावा असं मला वाटतं. असो, तो वेगळा लेख होईल.

सांगायचं ते हे, की नाव हार्मोन असलं की आपण बिचकतो, आणि नाव दुसरं काही असलं की चिठ्ठीशिवायही गिळतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांत, आणि ताज्या कलमातही, मला हेच दिसलं.

आता कर्करोगाची भीती. ती हवेतून आलेली नाही, तिला जन्मतारीख आहे. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायकांमधल्या निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि एका कृत्रिम प्रोजेस्टिनची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या औषधाची) एकत्र गोळी दिली होती, निम्म्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला होता. जगभर मथळे झाले आणि लाखो बायकांनी गोळ्या टाकून दिल्या.

मथळ्याखालचे आकडे असे होते. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग दिखाऊ गोळीवाल्यांत ३० जणींना, औषधवाल्यांत ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त, फुप्फुसातली गुठळी आठ जास्त, हृदयविकार सात जास्त. उलट बाजूला खुब्याचं हाड मोडणं पाचने कमी आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग सहाने कमी. आठ म्हणजे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. त्या आठांतल्या एखादीच्या घरी जाऊन तसं कुणी म्हणूनही बघू नये. पण ‘हार्मोन घेतलं की कॅन्सर होतोच’ असं जे तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतं, त्यात आणि या आकड्यांत फार अंतर आहे.

आणखी दोन गोष्टी मथळ्यात मावल्या नाहीत. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-दहा वर्षं उलटलेल्या, काहींच्या रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या. तुम्ही पन्नाशीत, पाळी जाऊन चौदा महिने. दुसरं, याच अभ्यासाचा दुसरा भाग होता, गर्भाशय काढलेल्या बायकांचा. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो २००४ मध्ये थांबला, पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे. स्तनाचा कर्करोग मात्र त्यांच्यात वाढला नव्हता. म्हणजे कोणतं हार्मोन, कशासोबत, कोणत्या वयात, किती काळ आणि तोंडाने की त्वचेवरून, यावर सगळं फिरतं. आज बहुतेक तज्ज्ञ साधारण असं मानतात, की वय साठच्या आत असेल, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, वाफांनी जगणं अवघड झालं असेल आणि खाली सांगते त्यातली अडचण नसेल, तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं. मात्र हृदय सांभाळायला, सुरकुत्या घालवायला किंवा ‘तरुण वाटायला’ म्हणून हे सुरू करायचं नसतं.

आता नणंदबाई. त्यांचं दुखणं तुम्ही जवळून बघितलंय, किमोच्या दिवसांत डबे पोचवलेत, त्यामुळे त्यांचा शब्द तुम्हाला मोडवत नाही हे मी समजू शकते. पण ‘आमच्या घरात कॅन्सर आहे’ या वाक्यातलं घर सासरचं आहे. नणंदेचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही. त्यांच्या कर्करोगाने तुमचा धोका वाढत नाही. तुमचा धोका बघायचा तर तुमची आई, बहिणी, मावश्या, आत्या आणि आजोळ. त्याबद्दल पत्रात एक ओळही नाही, आणि डॉक्टरांना हेच सांगायला हवं.

हो, नणंदेची गोष्ट एका पिढीने खाली मात्र लागू पडते. तुम्हाला मुलगीही आहे असं लिहिलंय. सेहेचाळीस हे या आजारासाठी लवकरचं वय. नणंदेने त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावं, की जनुकीय तपासणी, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांची, करून घ्यावी का. त्यांच्यात दोष निघाला तर तो त्यांच्या भावात, म्हणजे तुमच्या मिस्टरांतही असू शकतो आणि त्यांच्याकडून मुलामुलीत उतरू शकतो. बापाकडून येणारा धोका आपल्याकडे कुणी मोजतच नाही.

डॉक्टरांनी दोन वस्तू का दिल्या, हे त्यांनी समजावलं नसावं असं तुमच्या पत्रावरून वाटतं. वाफा थांबवतं ते इस्ट्रोजेन. पण गर्भाशय जागेवर असताना नुसतं इस्ट्रोजेन घेत राहिलं, तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथला कर्करोग होऊ शकतो. कॅप्सूल त्या अस्तराला आवर घालते. म्हणून ‘जेल लावते, कॅप्सूल नको’ अशी निवड तुम्हाला नाही. कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती रात्री. तुमच्या झोपेला ते चालण्यासारखंच आहे. जेल दंडाला किंवा मांडीला लावतात, स्तनांना कधीच नाही. सुकेपर्यंत कपडा घालायचा नाही आणि लावलेली जागा लहान मुलांच्या अंगाला लागू द्यायची नाही. त्वचेतून गेलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालतं, त्यामुळे गोळीने गुठळीचा जो धोका वाढतो तो आजवरच्या निरीक्षणांत जेलने वाढलेला दिसलेला नाही. तुमच्यासाठी आणखी एक सोय म्हणजे इस्ट्रोजेनच्या गोळीने थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागू शकतो. जेलने ते सहसा होत नाही. तरी सुरू केल्यावर दोनेक महिन्यांनी टीएसएच बघून घ्या. आणि केसांसाठी बायोटिनच्या गमी खात असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉईडचे आकडे चक्क खोटे येऊ शकतात.

कुणी हे घेऊ नये, किंवा खास तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये? ज्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झालाय, ज्यांना गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, ज्यांचं यकृत बिघडलेलं आहे, आणि ज्यांना कारण न कळलेला रक्तस्राव होतोय. हे शेवटचं सगळ्या वाचक बायकांसाठी पुन्हा लिहिते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता असेल’ म्हणून गुलकंद खात बसू नका. सरळ डॉक्टरकडे जा. हार्मोन सुरू केल्यावर पहिले काही महिने थोडे डाग दिसणं चालतं, पण त्यापुढे टिकलं तर तेही दाखवायचं.

तुमची मॅमोग्राफी बाकी आहे. हार्मोन घ्या किंवा नका घेऊ, ती कराच. रिपोर्ट आणि बीपीचे चार दिवसांचे आकडे घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा, माझ्या माहेरचा इतिहास असा आहे, तर माझा धोका किती? कमीत कमी डोस कोणता? तीन महिन्यांनी काय बघणार? दरवर्षी पुन्हा विचार करणार ना? ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना घाई असते, खरं आहे. तरी एवढ्यांची उत्तरं मिळाली नाहीत तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, नाशिकमध्ये त्यांची वाण नाही.

आता भाचीचं पार्सल. पोरीने मायेनेच पाठवलंय, तिला दुखवू नका. पण डीएचईए म्हणजे काय ते बघा. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ते बनवतात, आणि शरीर त्यातून पुढे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि इस्ट्रोजेन तयार करतं. म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेलं इस्ट्रोजेन नको म्हणून तुम्ही जे घेणार, त्यातून इस्ट्रोजेनच बनणार. किती बनेल हे मात्र कुणालाच ठाऊक नसणार. वर मुरुमं, हनुवटीवर राठ केस आणि चांगल्या कोलेस्टेरॉलची घसरण हे पदरात. तिकडे ते दुकानात मिळतं, कारण १९९४ च्या एका अमेरिकन कायद्याने अशा वस्तू आहारपूरकांत मोडतात आणि विकण्याआधी गुण सिद्ध करावे लागत नाहीत. चिठ्ठी लागत नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

याम क्रीमची गोष्ट गमतीची आहे. याम म्हणजे रानटी कंद, आणि त्यातल्या डायोस्जेनिन नावाच्या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवता येतं, हे खरं. १९४० च्या दशकात मेक्सिकोत ते तसं बनू लागलं आणि त्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. पण ते बनतं प्रयोगशाळेत, रसायनांच्या पायऱ्या चढून. आपल्या त्वचेला ती विद्या येत नाही. नुसतं क्रीम चोळलं तर हात मऊ होतील इतकंच. धोका वेगळाच आहे : कुणी इस्ट्रोजेनचं जेल लावलं आणि कॅप्सूलऐवजी ‘हेही प्रोजेस्टेरॉनच’ समजून हे क्रीम लावलं, तर गर्भाशयाचं अस्तर उघड्यावर पडलं. तेवढं करू नका.

मेलाटोनिन तिघांत सौम्य. पण कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली, तेव्हा लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तपर्यंत मेलाटोनिन सापडलं, आणि साधारण चौथा हिस्सा उत्पादनांत सेरोटोनिन हे लेबलवर नसलेलं दुसरंच रसायनही. तुमची झोप मोडते घामाने. मेलाटोनिनने घाम थांबत नाही.

आणि ‘नॅचरल’ म्हणाल, तर २००२ च्या त्या बदनाम गोळीतलं इस्ट्रोजेन गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं होतं. याहून नैसर्गिक काय असणार? उलट तुमच्या चिठ्ठीवरचं जेल कारखान्यात बनतं, आणि त्यातलं इस्ट्राडायॉल तुमच्या बीजकोशांनी आजवर बनवलं अगदी तेच आहे.

तुम्ही शतावरी कल्प दुधातून घेता, त्याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगते. घ्यायचा तर घ्या, डॉक्टरांना सांगून घ्या, आणि डब्यावर साखरेचं प्रमाण वाचा. मधुमेहाच्या काठावरच्या बायका रोज दोन चमचे साखर औषध म्हणून खात असतात.

राहिलं सोसणं. सोसायचं म्हटलं तर मुदत माहीत हवी. ज्यांना वारंवार वाफा येतात अशा बायकांचा अमेरिकेत दीर्घ अभ्यास झाला, त्यात निम्म्या जणींना हा त्रास सात वर्षांहून जास्त पुरला. तुमच्या नोकरीची उरलेली वर्षं जवळजवळ तितकीच. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं असं तुम्ही लिहिलंय. ते पाळी गेल्यामुळेच मोडलं असं मी म्हणत नाही, पण पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात आणि ती झीज दुखत नाही. मुकाट सोसण्यात तीही आली.

हार्मोन नकोच असं तुमचं शेवटी ठरलं, तर तेही चालेल, फक्त ते तुमचं ठरवणं असू द्या, ग्रुपचं नको. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिनसारखं नैराश्यावरचं औषध कमी डोसमध्ये, किंवा गॅबापेन्टिन. ‘मला वेड लागलंय का’ म्हणून त्यांच्या नावाला बिचकू नका, इथे ती वेगळ्या कामासाठी देतात. वाफा येताना मनाला सांभाळण्याच्या समुपदेशनाचाही काही जणींना चांगला उपयोग होतो. फक्त खालच्या जागेचा कोरडेपणा आणि जळजळ असेल, तर तिथेच लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, ते रक्तात फारसं जात नाही. बायका लाजून हे सांगतच नाहीत. आणि डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं, जी आपल्याकडे चहासारखी एकमेकींना दिली जातात, तीही मोजून घ्यायची वस्तू आहे. ठरलेले आठवडे झाले की थांबायचं आणि तपासायचं.

आता मुलगा.

ताई, आठवड्याला इंजेक्शनने टोचावं लागतं ते सप्लिमेंट नसतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार पूरक आहारात हार्मोन किंवा स्टेरॉइड घालताच येत नाही. मी बाटली पाहिलेली नाही, पण जिममध्ये आठवड्याला टोचलं जाणारं औषध बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच्या कुळातलं स्टेरॉइड असतं. आणि तुम्ही त्याच्यासाठी स्थळं बघताय म्हणून हे अधिक स्पष्ट लिहिते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी समजते, माल भरपूर आहे, आणि वृषणांना जाणारा हुकूम थांबवते. वृषणं काम बंद करतात, आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन ते पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून चालतं का हे तपासलं होतं. १९९० मध्ये निष्कर्ष आले, आणि बऱ्याच अंशी चालतं असं दिसलं. तुमचा मुलगा दंड फुगवण्यासाठी कदाचित तेच घेतोय.

याशिवाय रक्त दाट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल पडतं, पाठीवर मुरुमांचे फोड येतात, काहींना छातीला बाईसारखी सूज येते, स्वभाव भडकतो. सुई किंवा बाटली दोघा-तिघांत वापरली असेल तर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा प्रश्न वेगळा.

टेस्टोस्टेरॉनला खरा उपयोग आहे. गालगुंडात वृषणं बिघडलेली असतात, पीयूषिकेत गाठ असते, जन्मतःच कमतरता असते. अशांना ते जगणं परत देतं. पण तेव्हाही आधी दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासून. पन्नाशीचे जे वाचक ‘थकवा येतो, एक इंजेक्शन घेऊ का’ विचारतात त्यांनाही हेच. आधी झोप, घोरणं, पोटाचा घेर, साखर आणि थायरॉईड बघा. २०२३ मध्ये हृदयाचा धोका असलेल्या पाच हजारांहून जास्त पुरुषांवरचा अभ्यास आला. खरी कमतरता असलेल्यांत जेलने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसातली गुठळी थोडी वाढली.

मुलाशी बोलताना आधी बाटलीचं नाव मिळवा. ट्रेनरशी भांडायला जाऊ नका, तो बाटली बदलेल आणि मुलगा लपवायला लागेल. प्रोटीनचा डबाही फेकू नका. व्हे प्रोटीन दुधातूनच येतं, त्यावरून वाद घातलात तर खऱ्या मुद्द्यावर तो तुमचं ऐकणार नाही. ‘तू स्टेरॉइड घेतोस’ असं न म्हणता ‘यात काय आहे ते दोघं मिळून वाचू’ म्हणा. शास्त्राची शिक्षिका आहात, ते तुम्हाला जमेल. मिस्टरांचा आवाज चढणार असेल तर पहिल्या दिवशी त्यांना बाजूला ठेवा.

आणि एकदम बंद करायला लावू नका. अचानक थांबवलं तर काही आठवडे-महिने शरीरात स्वतःचं टेस्टोस्टेरॉन नसतं. थकवा, उदासी येते, काही मुलं फार खचतात आणि पुन्हा सुईकडे वळतात. त्याला हार्मोनतज्ज्ञाकडे, म्हणजे एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे न्या. बहुतेकांत शुक्राणू परत येतात, पण काहींना वर्ष लागतं आणि काहींत पूर्ववत होत नाहीत. म्हणून वीर्यतपासणीही सांगितली तर लाजायचं नाही. स्थळ पक्कं होण्याआधी कळलेलं बरं, त्याच्यासाठीही आणि त्या मुलीसाठीही. डॉक्टरांना व्यायाम किती जोरात चाललाय ते सांगा, कारण जड वजनं उचलल्यानेही यकृताच्या तपासणीतले काही आकडे वाढतात. आणि रक्त द्यायला सकाळी दहाच्या आत न्या, उपाशीपोटी. दुपारपर्यंत टेस्टोस्टेरॉन आपोआप उतरलेलं असतं आणि तो रिपोर्ट कुणाच्याच कामाचा राहत नाही.